आखूड सायलेन्सर

पिकअपला सायलेन्सर कसला बसवावा, यावर राघूच्या वस्तीवर आठ दिवस खल चालला होता, आणि त्या आठ दिवसांत तानूबाईला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

विचारायचं तरी कशाला? ती काय गाडी चालवत होती? गाडी चालवायचा तिचा मुलगा दादाभाऊ. त्याच्या शेजारी बसायची त्याची बायको आशा, मांडीवर दोन वर्षांचं पोर घेऊन. म्हातारा राघू, म्हणजे तानूबाईचा नवरा, मेंढरांमागं पायीच चालायचा, कारण गाडीत बसलं की त्याला मळमळायचं. राहिली तानूबाई. ती मागं हौद्यात, कोकरांबरोबर.

धनगराचं बिऱ्हाड ते. बेल्ह्याच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. दिवाळी झाली की दोनशे मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं. पूर्वी बिऱ्हाड घोड्यांवर असायचं. भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि ज्यांना अजून चालता येत नाही अशी कोकरं, सगळं घोड्याच्या पाठीवर. तीन वर्षांमागं दादाभाऊनं दोन्ही घोडी विकली आणि ही जुनी पिकअप आणली. तेव्हापासून मेंढरं पायी आणि कोकरं गाडीत. रोजचा पल्ला चार-पाच कोसांचा. सकाळी आयांना पाजून कोकरं गाडीत भरायची, पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवायची, आणि कळप पोचला की ज्याला त्याला आपल्या आईला लावायचं.

पण कोकरं म्हणजे काही बटाट्याची पोती नव्हेत. वळण आलं की सगळी एका बाजूला लोटतात, एकावर एक पडतात आणि सगळ्यांत खालचं गुदमरतं. त्यांच्यात एक माणसाचा हात लागतो, सारखा वेगळं करणारा. तो हात तानूबाईचा होता. तिनं तो कुणाला दिला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता.

आता सायलेन्सरची गोष्ट. मेंढीचं मूत म्हणजे साधं पाणी नव्हे, ते लोखंड खातं. हौद्याच्या फळ्यांना फटी असतात, त्या असाव्याच लागतात, नाहीतर जनावरं चिखलात उभी राहतील. त्या फटींतून सगळं खाली गळायचं ते नेमकं सायलेन्सरवर. एक तर तापलेलं लोखंड, त्याच्यावर खारं मूत. नवा पत्रा वर्षभरात पापडासारखा व्हायचा. तीन वर्षांत तीन सायलेन्सर गेले. तिसरा दसऱ्यानंतरच्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारातून निघताना मधूनच तुटला आणि रस्त्यावर फरफटत, ठिणग्या उडवत चालला. सगळा जनावरांचा बाजार बघत होता. "दादाभाऊ, डांबरावर नांगर धरला का रं?" असं कुणीतरी ओरडलं आणि लोक पोट धरून हसले.

ते हसू दादाभाऊच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. चहाच्या टपरीवर, पारावर, जिथं जाईल तिथं सायलेन्सर. ज्यानं जन्मात सायकलची चेन बसवली नव्हती तोही सल्ला देऊ लागला. कुणी म्हणे ट्रकचा जाड बसव. कुणी म्हणे ट्रॅक्टरसारखं धुराडं वर काढ. शेवटी एकानं सांगितलं की लांब पाइप ठेवायचाच कशाला? केबिनच्या मागंच कापून टाक. मुताच्या वाटेत लोखंडच नाही, मग सडेल काय, कपाळ?

दादाभाऊला ते पटलं. इतकं पटलं की रात्री जेवताना त्यानं ताटात भाकरीचा तुकडा मोडून आशाला दाखवलं, हे इंजिन, हा पाइप, इथं संपला. आशा मान हलवत होती. तानूबाई चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती आणि तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी गाडी कळंबला खेमचंदशेठच्या दुकानी गेली. पुणे-नाशिक रस्त्याला लागून दुकान, पुढं सामान, बाजूला खड्डा आणि वेल्डिंग. खेमचंदचा आजा मारवाडातून कापडाचं गाठोडं घेऊन आला होता म्हणतात. खेमचंद मात्र इथलाच, इथल्याच शाळेत शिकलेला, बोलायला पक्का मराठी. त्याचा मुलगा अंकित पुण्याला जाऊन काहीबाही शिकून आला होता आणि गाड्यांच्या आवाजाचा त्याला भारी शौक होता.

एक मेंढी लंगडत होती. तिला मंचरच्या डॉक्टरला दाखवायची म्हणून तानूबाईही आली होती. ती मेंढीजवळ हौद्यात बसून राहिली. दुकानात काय बोलणं चाललंय ते रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. भिंतीला तीन सायलेन्सर टांगले होते. एक लांब, जाड, थेट गाडीच्या शेपटापर्यंत जाणारा. दुसरा तसाच, पण हलका, पातळ पत्र्याचा. तिसरा आखूड, डब्याएवढा. खेमचंद सारखा लांबड्याला हात लावत होता. दादाभाऊ आखूड काढून घेत होता. मग खेमचंदनं चष्मा वर करून गाडीकडं बघितलं, काहीतरी विचारलं. दादाभाऊनं माशी हाकलावी तसा हात हलवला. अंकित हसत हसत आखूड सायलेन्सर घेऊन खड्ड्यात उतरला.

तासाभरानं गाडी सुरू झाली तेव्हा कळंबच्या रस्त्यावरची कुत्री पळाली. फाड फाड फाड असा आवाज. लंगडी मेंढी तानूबाईच्या मांडीत शिरली. दादाभाऊ मात्र लगीन ठरल्यासारखा खुलला होता.

"बघ आये," तो म्हणाला. "पाइप केबिनीच्या मागंच संपला. आता दहा वर्सं बघाया नको."

"आरं, पन धूर कुटं जानार?"

"हवेत जानार. आनिक कुटं?"

"ती हवा माज्या बुडाखालीच हाय की. फळ्यांना फटी हायती."

"आये, तुला गाडीतलं काय कळतंय?"

झालं. विषय संपला. साठ वर्षांच्या बाईला, जिनं चाळीस वर्षं बिऱ्हाड हलवलं, जिला आभाळ बघून उद्या वारा कुठून येईल ते सांगता येतं, तिला गाडीतलं काय कळतंय! तानूबाई गप्प बसली. ती गप्प बसली हेच तिचं चुकलं, असं ती पुढं स्वतःलाच म्हणायची.

दिवाळी झाली, बिऱ्हाड हललं. पहिले मुक्काम सपाटीवरचे होते. ऊन चांगलं होतं, ताडपत्री मागून उघडी होती, आणि पल्लाही थोडा. तरी उतरताना तिचं डोकं जड व्हायचं, तोंडाला कडू चव यायची. एकदा तिनं आशाला सांगितलं. आशानं दादाभाऊला सांगितलं. दादाभाऊ म्हणाला, पित्त झालं असंल, सुंठ दे.

जुन्नर ओलांडून कळप आपटाळ्याजवळ उतरला. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम घाटघरला, तिथून मेंढरं नाणेघाटानं कोकणात उतरायची. त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि घाटमाथ्याचा वारा असा सुटला होता की घोंगडी अंगावर ठरेना. एकोणीस कोकरं होती, त्यातली सहा-सात तर आठवड्याच्या आतली. दादाभाऊनं ताडपत्री चारी बाजूंनी ओढून दोरीनं करकचून आवळली. वारा कोकराच्या छातीत शिरला की ते जगत नाही, हे धनगराच्या पोराला आईच्या दुधातून कळतं. तानूबाईनंही आतून ताडपत्रीच्या कडा फळ्यांखाली खोचल्या. एवढा वाटा तिचाही होता, ते ती नाकारत नव्हती.

गाडी चढाला लागली. जुनं इंजिन, खराब रस्ता, पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेलं. फळ्यांच्या फटींतून धूर आत येऊ लागला. आधी बारीक, मग काळा, डोळ्यांत चरचरणारा. तानूबाईनं पदर तोंडाला लावला. एका हातानं कोकरं सारखी करायची, दुसऱ्या हातानं फटींवर पोतं दाबायचं. एक फट बुजवली की दुसरीतून यायचा. तिनं केबिनच्या पत्र्यावर मूठ आपटली. काही नाही. दोन्ही हातांनी बडवलं. "दाद्या, गाडी थांबव!" फाड फाड आवाजात तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येईना.

आणि मग गाडी थांबली. तिला वाटलं, ऐकलं, देवा ऐकलं त्यानं.

त्यानं ऐकलं नव्हतं. चावंडच्या अलीकडं ओळखीचे दोघे मोटरसायकलवर भेटले होते. त्यांनी विचारलं, "काय दादाभाऊ, आवाज कसला काढलाय गाडीला?" आणि दादाभाऊ त्यांना आवाज ऐकवत होता. गाडी उभी, इंजिन चालू, आणि हा पाय दाबून दाबून सोडतोय. एकदा. आणखी एकदा. ते दोघे वाहवा करतायत. आशा शेजारी पोराचे कान झाकून बसली आहे. आणि मागं बंद ताडपत्रीत तानूबाई गुडघ्यांवर आली आहे, तिला कोकरं दिसत नाहीत, नुसती हाताला लागतात, आणि त्यातली काही हाताला लागूनही हलत नाहीत.

भांड्यांच्या पोत्यात विळा होता. तो कसा सापडला ते तिला नंतर कधी आठवलं नाही. तिनं ताडपत्रीवर तो चालवला आणि फाटलेल्या भोकातून डोकं आणि एक हात बाहेर काढून ती ओकली. मोटरसायकलवाल्यांतला एक ओरडला, "आरं, म्हातारी! मागं म्हातारी हाय!"

तेव्हा कुठं इंजिन बंद झालं.

रस्त्याच्या कडेला गवतावर कोकरं एकेक काढून ठेवली. बारा धडपडत उभी राहिली. सात राहिली नाहीत. आशा रडत रडत म्हणत होती, "आत्याबाई, ऐकूच आलं न्हाई वं, शपथ घिऊन सांगते, काय सुदिक ऐकू आलं न्हाई." तानूबाईला तिचा राग आला नाही. बाकी सगळ्याचा आला. ताडपत्रीचा, रस्त्याचा, त्या दोन टवाळ पोरांचा, आणि सगळ्यांत जास्त त्या माणसाचा, जो हातात मेलेलं कोकरू घेऊन उभा होता आणि म्हणत होता, "थंडीनं गेली. किती बांधलं तरी वारा घुसलाच."

"थंडीनं?" तानूबाई म्हणाली.

"मग काय? तुला जरा डुलकी लागली असंल आये. एकावर एक पडली असत्याल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात विळा होता. तो तिनं खाली टाकला, कारण टाकला नसता तर काय झालं असतं ते तिला माहीत होतं. घाटघरपर्यंत उरलेली वाट ती बारा कोकरं घेऊन उघड्या हौद्यात उभ्यानं आली, वाऱ्यात, आणि एकही कोकरू थंडीनं मेलं नाही.

दिवस कलला तशी मेंढरं आली. राघू पुढं, मागं कळप. आया कोकरांच्या ओढीनं धावतच येतात, ओरडत, आणि कोकरंही ओरडत धावतात. एवढ्या गलक्यात प्रत्येकीला आपलं लेकरू बरोबर सापडतं. त्या दिवशी बारा जणींना सापडलं. सात जणी फिरत राहिल्या. कास तटतटलेली, आणि गाडीभोवती, पालाभोवती, परत गाडीभोवती. एक मेंढी हौद्याखाली तोंड घालून ओरडत होती. तिचं ते ओरडणं ऐकवत नव्हतं. तानूबाई उठली आणि एकेकीला धरून मोकळी पिळत बसली, आणि पिळताना रडत होती, आणि रडताना शिव्या देत होती. कुणाला ते सांगायची गरज नव्हती.

राघूनं मेलेलं एक कोकरू उचललं. तो मुळातच कमी बोलणारा. त्यानं कोकराच्या लोकरीत नाक खुपसून वास घेतला.

"डिजेल," तो म्हणाला.

दादाभाऊ एकदम उसळला. "त्या शेठनं फशिवलं आपल्याला! पैशे घेतलं आन माल असला दिला. उद्याच्याला जातो आन त्याचं दुकानच उपटतो."

"मी येते," तानूबाई म्हणाली.

"तू कशाला? तू आता आराम कर. उंद्याच्या साली तर तू घरीच ऱ्हा आये. वय झालं तुजं. कोकरांचं दुसरं कोनतरी बघंल."

म्हणजे हेही आलं. सात कोकरं धुरानं मेली आणि घरी बसायचं म्हातारीनं. चाळीस वर्षं ज्या वाटेवर तिनं पोरं काढली, ज्या वाटेवर हाच दादाभाऊ नेरळच्या रानात पालाखाली जन्मला, त्या वाटेवरून तिला उतरवायचं, का, तर तिला डुलकी लागली! मेंढरांमागून काढलं तर तानूबाईकडं राहतं काय? एक पडवी आणि एक खाट. ते तिला नको होतं. कधीच नको होतं.

"मी येते म्हनले," ती म्हणाली. "आन म्होरं बसून येनार हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं कळंबला पोचली. दादाभाऊ वाटेनं शेठला काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होता. पण दुकानाच्या पायरीवर चढताना तानूबाईनं त्याला मागं सारलं.

खेमचंद गादीवर बसला होता. तिनं सुरुवात केली ती थांबलीच नाही. तिनं त्याचा माल काढला, त्याचं दुकान काढलं, त्याच्या आज्याचं कापडाचं गाठोडं काढलं. सात कोकरांची नावं नव्हती, पण सात आयांची होती, ती तिनं एकेक करून सांगितली. गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. अंकित मध्ये बोलायला लागला तर बापानं हातानं त्याला गप्प केलं. खेमचंद उठला नाही, ओरडला नाही. तिचा श्वास संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "पाणी घ्या."

"पानी नगं. बोल."

"मी याला हा आखूड नको म्हणत होतो. लांबच घे म्हणालो. खाली पत्रा मारून देतो, मूत बाजूला जाईल म्हणालो. हा ऐकेना. मग मी विचारलं. आखूड बसवायच्या आधी मी हे विचारतोच, कोणालाही विचारतो. मागं माणूस बसतं का? बसत असेल तर मी बसवत नाही."

तानूबाईच्या डोळ्यांपुढं तो दिवस आला. वर केलेला चष्मा, आणि दादाभाऊचा हललेला हात.

"मग? काय म्हनला ह्यो?"

खेमचंद दादाभाऊकडं बघत राहिला. ते त्यानं स्वतः सांगावं अशी त्याची इच्छा असावी. दादाभाऊ भिंतीवरच्या सायलेन्सरांकडं बघत होता.

"म्हणाला, मागं कोण बसत नाही. जनावरं असतात."

फसवायला दादाभाऊ खोटं बोलला असता तर तानूबाईला बरं वाटलं असतं. खोटं बोलायला आधी खरं आठवावं लागतं. तिच्या लेकाला ती आठवलीच नव्हती. ती गाडीत होती, वीस पावलांवर, लंगड्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याकडंच बघत होती, आणि त्यानं सांगितलं, मागं कोण बसत नाही.

पण तिचा राग असा एकाच माणसावर मावणारा नव्हता. ती खेमचंदकडं वळली.

"आन शेठ, जनावरं म्हनल्यावर तू बशिवलास? तुमच्यात तर पानी गाळून पित्यात, मुंगी मरंल म्हनून. माजी कोकरं मुंगीपरीस बारकी व्हती का?"

खेमचंदनं चष्मा काढला. पंचावन्न-साठ वर्षांत त्याला कुणी असं विचारलं नसावं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं ते अर्धंच विचारलं." आणि तो गादीवरून उठला. त्यानं लांब, जाड सायलेन्सर स्वतः भिंतीवरून काढून खाली ठेवला. "हा बसवून देतो. पैसे नकोत."

"पैशे घ्यायचं. फुकट नगं मला," तानूबाई म्हणाली. "ह्योच बशीव. शेपटाच्या भाईर काड. वरून पत्रा मार. सडला तर सडूंदे, दर दिवाळीला नवा घिऊ, लुगडं घेतो तसा. पन आत्ता नगं. आजून घटकाभर ह्यो आखूडच ऱ्हाऊंदे."

"का गं?" दादाभाऊ म्हणाला. "झालं ना आता. चुकलो. काय करू, पाया पडू का?"

"पाया नगं पडू. मागं बस."

"आं?"

"हौद्यात. ताडपत्री बांदून. लई दूर न्हाई, घोडनदीच्या पुलापातूर जायाचं आन परत यायाचं. थंडीनं मरतंय का डुलकीनं, बघू."

भोवती माणसं जमली होती. दादाभाऊचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा. एवढ्या माणसांत तो नाही कसा म्हणेल? बाजारातलं हसू अजून त्याच्या कानात होतं. "बसतो की," तो म्हणाला. "काय मरत न्हाई मी." आणि तरातरा जाऊन हौद्यात चढला.

फाटलेल्या जागी तिनं पोतं लावलं. ताडपत्रीच्या गाठी तिनं स्वतः मारल्या, एकेक, धनगरी गाठी, आतून कुणाला न सुटणाऱ्या. खेमचंद "बाई, पुरे" म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. अंकितला तिनं गाडी चालवायला बसवलं. त्यानं आवाज काढायचा प्रयत्नही केला नाही. पण गाडीनं काढलाच.

तानूबाई पुढं बसली. केबिनमध्ये सगळं छान होतं. खिडकीतून वारा येत होता. काचेतून रस्ता दिसत होता, उसाची शेतं दिसत होती, धूर कुठंच नव्हता. इथं बसून कुणाला काय कळणार, असं तिला वाटलं, आणि त्यानं राग कमी झाला नाही, वाढलाच. पुलापर्यंत न्यायचं होतं तिला. पुलापर्यंत आणि परत. आणि वाटेत थांबून, इंजिन चालू ठेवून, शेठच्या पोराला पाय दाबायला सांगायचं होतं, एकदा आणि आणखी एकदा. तिनं मनात ते सगळं ठरवलं होतं.

मागून काहीच ऐकू येत नव्हतं. फाड फाड फाड. तिनं कान पत्र्याला लावला. फाड फाड. तो ओरडतोय की शांत बसलाय? बडवतोय? का बडवायचं थांबलाय? कास तटतटलेल्या मेंढीसारखी ती सीटवर इकडून तिकडं हलू लागली.

"थांबव," ती म्हणाली.

"आजी, पूल अजून लांब आहे. आत्ताच तर निघालो."

"थांबव म्हनले ना मुडद्या!"

गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली. स्वतःच मारलेल्या गाठी तिला सुटेनात, नखं मोडली, शेवटी दातांनी ओढली. ताडपत्री वर केली तसा काळा धूर बाहेर आला आणि त्याच्यामागून दादाभाऊ, चार पायांवर. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि खोकत राहिला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दोन्ही हातांची बोटं सोलली होती.

ती उभी राहून बघत होती. पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं आणि तिनं तो फिरवला नाही.

खोकला जरा ओसरला तसा तो म्हणाला,

"आये, मी लई बडवलं. ऐकू आलं का तुला?"

"न्हाई," तानूबाई म्हणाली. "काय बी ऐकू आलं न्हाई. मागं कोन बसलंय ते मला म्हाईत व्हतं."